तिसऱ्या दिवसाचा हिशेब

दिवाळीनंतरची संध्याकाळ. राणीसावरगावातल्या एका घराच्या ओट्यावर चार माणसं बसलेली, मधे मोबाईल ठेवलेला, स्पीकर चालू.

"काका, किती जण हाव तुम्ही?"

"सहा. म्हातारी हाय संगं."

"आन् कुठं कुठं जायचं?"

"तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर. येताना पंढरपूर."

"दोन दिवसांत करून आणतो. पंधरा रुपये किलोमीटर. टोल, पार्किंग तुमच्याकडं."

"पंधरा लई होतेत रे बाळा. बारा धर."

"बारात डिझेलबी निघत न्हाई काका. चौदा द्या."

"साडेतेरा. मंगळवारी पहाटं चारला दारात ये."

ठरलं. फोन ठेवला आणि ओट्यावर समाधान पसरलं. किलोमीटरमागं दीड रुपया तुटला. फेरा साडेसातशे किलोमीटरचा धरला तर अकराशे पंचवीस रुपये वाचले.

असं बोलणं आपल्याकडं हंगामात घरोघरी होतं. तुळशीचं लग्न लागलं की वऱ्हाडाच्या गाड्या, श्रावणात परळी आणि औंढा नागनाथ, नवरात्रात माहूर आणि तुळजापूर, आषाढीला पंढरपूर. राणीसावरगाव स्वतः रेणुकामातेच्या मंदिराचं गाव. नवरात्रात बाहेरगावच्या गाड्या इथं येतात आणि इथल्या गाड्या बाहेर जातात. बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यातल्या या गावाला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही. जवळचं स्टेशन गंगाखेडचं, परभणी–परळी मार्गावरचं. त्यामुळं चार माणसं आणि एक म्हातारं माणूस घेऊन लांब जायचं म्हटलं की गाडी करणं आलंच.

आणि गाडीचे पैसे इथं लहान नसतात. सोयाबीनचा 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. दहा हजारांची गाडी म्हणजे दोन क्विंटलहून जास्त सोयाबीन, तेही हमीभाव पदरात पडला तर. म्हणून काका दीड रुपयासाठी अडून बसतात, त्यात हलकं काही नाही. भाव करू नये असं माझं म्हणणं नाहीच. अडून बसायचं ते नेमकं कशावर, एवढाच माझा प्रश्न आहे. त्या फोनवर भाव ठरला, पण पैसे ज्यावर ठरतात त्यातल्या निम्म्या गोष्टी कुणी बोललंच नाही.

गाडी दोन पद्धतींनी ठरते. एक किलोमीटरवर: डिझेल गाडीवाल्याचं, आपण चाललेल्या किलोमीटरचे पैसे द्यायचे. दुसरी दिवसावर: गाडीचं दिवसाचं भाडं ठरवायचं, डिझेल आपण टाकायचं. दोन्हींत ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. किलोमीटरच्या व्यवहारात आणखी एक अट असते. ती पहिल्या फोनवर सहसा बोलली जात नाही आणि शेवटच्या दिवशी मात्र हमखास निघते. दिवसाला कमीत कमी अमुक किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात. बहुतेक ठिकाणी हा आकडा अडीचशे-तीनशेच्या घरात असतो. गाडी मंदिराच्या वाहनतळावर दिवसभर उभी राहिली तरी तेवढं मीटर पळालं असं धरतात.

समजायला सोपे आकडे घेऊ. दर गाडीप्रमाणे आणि गावाप्रमाणे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील. किलोमीटरचा दर 15 रुपये, रोजचे किमान 300 किलोमीटर. दिवसाचं भाडं 3,000 रुपये. ड्रायव्हरचा भत्ता दोन्हीकडं दिवसाला 500. डिझेल 90 रुपये लिटर आणि गाडी लिटरला 15 किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला 6 रुपयांचं डिझेल.

आता दिवसाला दीडशे किलोमीटरच फिरणार असाल, तर किलोमीटरच्या पद्धतीत किमान तीनशेचे साडेचार हजार आणि भत्ता मिळून पाच हजार जातात. दिवसाच्या पद्धतीत तीन हजार, भत्ता पाचशे, डिझेल नऊशे, म्हणजे चार हजार चारशे. दिवसाला चारशे किलोमीटर पळणार असाल, तर किलोमीटरनं साडेसहा हजार आणि दिवसाच्या भाड्यानं पाच हजार नऊशे. कमी फिरलात तरी आणि खूप पळालात तरी डिझेल आपलं टाकणं स्वस्त पडतं. या आकड्यांत किलोमीटरचा व्यवहार फायद्याचा ठरतो तो फक्त मधल्या पट्ट्यात, दिवसाला अडीचशे ते सुमारे तीनशे तेहेतीस किलोमीटरच्या दरम्यान. म्हणजे भाव विचारायच्या आधी घरात बसून एक गोष्ट ठरवावी लागते: आपण रोज किती फिरणार? ते ठरलं नसेल तर साडेतेरा स्वस्त की पंधरा, याला काही अर्थ उरत नाही.

डिझेल आपलं टाकण्यात एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. गाडी जुनी असेल, ॲव्हरेज कमी देत असेल, तर तोटा आपला. त्यातून परभणी जिल्हा इंधनाच्या महागाईसाठी देशभर माहीत झालेला. सप्टेंबर 2018 मध्ये इथं पेट्रोल नव्वदीपार गेलं तेव्हा परभणीचं नाव देशातल्या बातम्यांत होतं. मनमाडच्या डेपोतून इतक्या लांब टँकर आणण्याचा खर्च इथल्या दरात येऊन बसतो. म्हणून डिझेल आपलं असेल तर निघताना टाकी भरून मीटरचा आकडा लिहून घ्यावा आणि परतल्यावर पुन्हा टाकी भरून लिटर मोजावेत. गाडीवाला म्हणाला ते ॲव्हरेज खरं होतं की नाही, ते पंपावरच कळतं.

किलोमीटर कुठून मोजायचे, हा दुसरा मुद्दा. गाडी परभणीहून बोलावली तर ती तुमच्या दारात येईपर्यंत आणि तुम्हाला सोडून परत जाईपर्यंतचे किलोमीटरही बहुधा तुमच्याच नावावर पडतात. जाऊन-येऊन हे शंभराच्या वर जातात. पंधराच्या दरानं दीड-दोन हजार रुपये, गाडीत एकही माणूस न बसता. ओट्यावर वाचलेल्या अकराशे पंचवीस रुपयांपेक्षा ही रक्कम मोठी आहे. गंगाखेडची किंवा गावातलीच गाडी रुपयाभरानं महाग असली, तरी कित्येकदा तीच स्वस्त पडते ती यामुळं.

टोलचंही तसंच. "टोल तुमच्याकडं" हे बोलणं ठीक आहे, पण फास्टॅगमधून गेलेल्या पैशांचा संदेश गाडीमालकाच्या मोबाईलवर येतो, आपल्या नाही. तो बघून हिशेब करायचा, हे आधीच बोलून ठेवावं. गाणगापूर कर्नाटकात आहे. तिकडं जायचं तर गाडीकडं तिथं चालणारं परमिट आहे का, हे विचारायला हवं. केंद्र सरकारनं 1 एप्रिल 2021 पासून पर्यटक वाहनांसाठी देशभर चालणारं ऑनलाइन परमिट सुरू केलं आहे. ते असेल तर सीमेवर खोळंबा नाही. नसेल तर तिथला कर आणि तिथला वेळ कुणाच्या खिशातून जाणार, हे सीमेवर उभं राहून ठरवण्यात शहाणपण नाही.

गाडी केवढी घ्यायची, हाही पैशाचाच प्रश्न. नऊ-दहा माणसं असतील तर दोन लहान गाड्यांपेक्षा एक क्रूझर किंवा तूफान स्वस्त पडते. एकच ड्रायव्हर, एकच डिझेल, एकच टोल. पण सत्तरीच्या माणसाला मागच्या आडव्या बाकावर दोनशे किलोमीटर बसवायचं का, हेही बघावं लागतं. उलट सहा जणांच्या गाडीत आठ माणसं आणि मांडीवर लेकरं कोंबून दुसरी गाडी वाचवणं चुकीचं आहे. कायद्यानं मोटारकॅबमध्ये ड्रायव्हर सोडून सहाच प्रवासी चालतात, आणि हा आकडा आसनांचा आहे तसा ब्रेकचाही.

आणि गाडी करायलाच हवी का, हे तर कुणी विचारतच नाही. एसटीत महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे, आणि पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना निम्मं भाडं. सहा जणांच्या घरात आई, आत्या, सून आणि पंचाहत्तरीची आजी असेल तर एसटीचा खर्च गाडीच्या जवळपासही येत नाही, जानेवारी 2025 मधली 14.95 टक्क्यांची भाडेवाढ धरूनही. दोघं-तिघं धडधाकट असतील तर चार किंवा सात दिवसांचा "आवडेल तेथे प्रवास" पास आहे. आषाढीला एका गावातून चाळीस किंवा त्याहून जास्त वारकरी निघाले तर महामंडळ गावातून थेट पंढरपूरची बस देतं. लग्नाच्या वऱ्हाडाला प्रासंगिक करारावर बस घेता येते. चाळीस माणसांसाठी पाच-सहा गाड्या आणि त्यांचे पाच-सहा ड्रायव्हर धरायचे की एक लालपरी, हा हिशेब प्रत्येक यजमानानं एकदा तरी कागदावर करून बघावा.

पण एसटीची दुसरी बाजूही खरी आहे. गंगाखेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर अशा तीन-चार ठिकाणी गाडी बदलायची, प्रत्येक स्थानकावर आजीला हाताला धरून चढवायचं-उतरवायचं, स्वच्छतागृह शोधायचं, गाणगापूरहून परतीची गाडी कधी आहे याची चौकशी करायची. गुडघे गेलेल्या माणसाला हे सांगणं सोपं नाही. पैसे वाचले आणि आजी घरीच राहिली, तर यात्रा कुणासाठी होती? माझं मत असं, की धडधाकट माणसांनी एसटी आणि रेल्वेचा विचार आधी करावा, आणि गाडी ज्यांच्यासाठी लागते त्यांच्यासाठी ठेवावी. लांबच्या तिरुपतीसारख्या वाटेला तर रेल्वेनं जाऊन तिथं स्थानिक जीप करणं जवळपास नेहमीच शहाणपणाचं.

आता पाटीचा प्रश्न. हा सगळ्यात नाजूक, कारण इथं बचत आणि नातं एकमेकांत गुंतलेलं असतं.

गावात पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याच्या नोंदणीच्या गाड्या मोजक्या. भाड्यानं चालणाऱ्या बऱ्याच गाड्या पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी नोंदणीच्या. गाडी पुतण्याची, शेजाऱ्याची, शाळेतल्या मित्राची. ती किलोमीटरला एक-दोन रुपयांनी स्वस्त असते, आणि त्याचं कारणही उघड आहे. पिवळ्या पाटीला परमिट लागतं, विम्याचा हप्ता जास्त, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी तपासणी करून फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पांढऱ्या पाटीला यातलं बरंचसं नाही. 15 ऑगस्ट 2025 पासून त्यात आणखी एक मोह वाढला. राष्ट्रीय महामार्गांसाठी तीन हजार रुपयांत वर्षाला दोनशे फेऱ्यांचा फास्टॅग पास निघाला, तोही फक्त खासगी गाड्यांना. "टोल लागत न्हाई काका, पास काढलाय" हे वाक्य आता भावाचाच भाग झालं आहे.

पांढऱ्या पाटीच्या बाजूनं बोलण्यासारखं आहे, ते आधी बोलतो. खेड्यात रात्री दोनला पोटात दुखायला लागलं तर पिवळी पाटी शोधायला कुणी जात नाही. शेजाऱ्याची बोलेरो निघते आणि माणूस वाचतो. त्या पोरानं कर्ज काढून गाडी घेतली, शेतीत भागत नाही म्हणून. वर्षातले आठ महिने ती दारात उभी असते, हप्ता मात्र बाराही महिने जातो. परमिट, कर आणि तपासणीचा खर्च वर्षात मोजक्याच फेऱ्या करणाऱ्याला परवडत नाही, हे खोटं नाही. त्याला चोर म्हणणं अन्यायाचं होईल.

पण दुसरं पारडं जड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 नुसार भाड्यानं प्रवासी नेणाऱ्या गाडीला परमिट लागतं. ते नसेल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 192-अ खाली दहा हजार रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. दंड मालकाचा, असं म्हणून आपण मोकळे होऊ. विम्याचं तसं नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्यानं किंवा मोबदल्यासाठीचा वापर वगळलेला असतो. अपघात झालाच, तर विमा कंपनी याच ओळीवर बोट ठेवते. मग भरपाईचा दावा न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं लोंबतो आणि वसुलीची तलवार त्याच पुतण्याच्या, त्याच शेजाऱ्याच्या डोक्यावर येते. दवाखान्याच्या बिलावरून दोन घरांचं बोलणं तुटतं. साडेसातशे किलोमीटरला दोन रुपयांनी दीड हजार वाचले, आणि त्यापायी सहा जणांची भरपाई आणि एक नातं टांगणीला लागलं.

म्हणून मी रेघ अशी ओढतो. अडीनडीला, दवाखान्याला, शेजारधर्माला शेजाऱ्याची गाडी. ठरवून केलेल्या लांबच्या यात्रेला पिवळी पाटी. मंगळवारी पहाटेचं जाणं आधी ठरलेलं असतं, तेव्हा पिवळी गाडी शोधायला चार दिवस मिळतात. जी पोरं हा धंदा करूच म्हणतात त्यांना परमिट काढायला गावानंच बळ द्यावं. वर्षभराच्या फेऱ्या, लग्नाच्या तारखा, शाळेच्या सहली गावातल्याच पिवळ्या पाटीला द्यायच्या असं चार घरांनी ठरवलं, तर परमिटचा खर्च अंगावर येत नाही. शहरात ड्रायव्हरशिवाय गाडी घेणाऱ्यांनाही पाटीच बघायची असते. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी हीच स्वतः चालवायला भाड्यानं देण्याच्या परवान्याची. पांढऱ्या पाटीची गाडी मोबाईलवर स्वस्तात मिळाली तरी विम्याचं दुखणं तिथंही तेच. घेण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत, म्हणजे जुन्या ओरखड्याचे पैसे अनामत रकमेतून जाणार नाहीत.

आता पुन्हा त्या ओट्यावर येऊ. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर. साडेसातशे किलोमीटर. वरच्याच दरानं दोन्ही पद्धती लावून बघू.

दोन दिवसांत केलं तर किलोमीटरच्या पद्धतीनं 11,250 आणि भत्त्याचे 1,000, म्हणजे 12,250. डिझेल आपलं टाकलं तर 11,500. तीन दिवसांत केलं तर किमान किलोमीटर नऊशे धरले जातात, 13,500 आणि भत्ता 1,500, म्हणजे 15,000. डिझेल आपलं टाकलं तरी बरोबर 15,000. तिसरा दिवस पावणेतीन ते साडेतीन हजारांना पडतो. हिशेब सरळ सांगतो: दोन दिवसांत उरका.

इथंच थांबून विचार करायला हवा. दोन दिवसांत साडेसातशे म्हणजे दिवसाला पावणेचारशे किलोमीटर. त्यात चार ठिकाणची रांग, जेवण, आजीची उठबस. पहाटे चारला निघायचं म्हणून ड्रायव्हर अडीचला उठलेला. रात्री गाणगापूर-सोलापूर वाटेवर अकरा वाजलेले. मुक्कामाला खोली आपण आपल्यासाठी घेतली, तो गाडीतच, सीट मागं टाकून, काच बोटभर उघडी ठेवून झोपलेला, डासांत. दुसऱ्या दिवशी पंढरपूरच्या रांगेत पाच तास. आणि संध्याकाळी सहाला, पोटभर जेवून, पुन्हा पावणेतीनशे किलोमीटर घराकडं. बार्शी किंवा लातूर मागं पडलं की गाडीत सगळे झोपतात. जागा राहतो तो एकटा, ज्याची झोप सगळ्यात कमी झाली आहे.

मी अशा गाडीत पुढच्या सीटवर बसलो आहे. किल्लारीच्या बाजूनं परतताना रात्री दोनच्या सुमाराला गाडी हळूच रस्त्याच्या कडेला सरकायला लागली. पावसाळ्यातला मऊ साइडपट्टा होता, चाक त्यात घासलं आणि त्याला जाग आली. तो काही बोलला नाही. काच खाली केली, बाटलीतलं पाणी डोळ्यांवर मारलं आणि म्हणाला, "दादा, बोलत रहा थोडं." मागं आमची सहा माणसं गाढ झोपलेली. त्या फेऱ्यात आम्ही मुक्काम वाचवून पैसे वाचवले होते आणि घरी पोचल्यावर ते अभिमानानं सांगितलंही होतं. ते चाक घासल्याचं मात्र मी कित्येक दिवस कुणाला सांगितलं नाही.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. महाराष्ट्रातली त्यात पंधरा हजारांवर. यातली किती झोपेनं गेली हे आकडा सांगत नाही, पण चाकावर डोळा लागलेला ड्रायव्हर ब्रेक मारत नाही, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ड्रायव्हरच्या कामाच्या तासांची मर्यादा कायद्यातही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 91 ती 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याकडून घेतं, आणि तिथं दिवसाचे आठ तास लिहिले आहेत. पहाटे चार ते रात्री अकरा म्हणजे एकोणीस तास. गाडीवाला ते कबूल करतो कारण पुढच्या दिवशी दुसरी सुपारी घेतलेली असते. आपण ते मागतो कारण तिसऱ्या दिवसाचे पैसे वाचतात. दोघांच्याही बचतीचा भार एकाच माणसाच्या पापण्यांवर येतो.

तिसऱ्या दिवसाचे तीन हजार सहा जणांत वाटले तर माणशी पाचशे रुपये होतात. यात्रेत प्रसाद, बांगड्या, खेळणी, चहा यांवर तेवढे सहज जातात. ज्या घराला पाचशेही जड आहेत, त्यांच्यासाठी वाट दुसरी आहे. एक ठिकाण कमी करा. गाणगापूर पुढच्या वर्षावर टाका, दीडशेच्या आसपास किलोमीटर सुटतील आणि सीमेचाही प्रश्न मिटेल. गर्दीचे दिवस टाळा. पौर्णिमा, एकादशी, रविवार सोडून गेलात तर रांगेतले तास वाचतात, आणि वाचलेले तास म्हणजे ड्रायव्हरची झोप.

आणि भाव करायचाच असेल तर तो तिसऱ्या दिवसावर करा. गाडी ज्या दिवशी जास्त करून उभी राहणार आहे, त्या दिवसाला किमान तीनशे किलोमीटर लावू नकोस, उभ्या दिवसाचे वेगळे दीड हजार घे, असं गाडीवाल्याला सांगा. त्याची बाजू नीट बघितली तर तो तयारही होतो. किमान किलोमीटरची अट त्यानं घातली ती दुसरं भाडं बुडू नये म्हणून. हंगाम नसेल, दुसरं भाडंच नसेल, तर उभ्या दिवसात त्याचं डिझेल जळत नाही आणि टायर झिजत नाही. उलट किलोमीटरचा दर परवडेनासा झाला, तर तो ते कुठून तरी भरून काढणारच: टायर घासेपर्यंत चालवेल, सर्व्हिसिंग पुढं ढकलेल, किंवा ड्रायव्हर न लावता स्वतःच दोन रात्री जागेल. बारा रुपयांचा हट्ट शेवटी आपल्याच चाकाखाली येतो. उभ्या दिवसाच्या भावात मात्र आपलेही वाचतात आणि त्याचंही काही बुडत नाही.

हे सगळं तोंडी राहिलं तर पंढरपूरच्या वाहनतळावर भांडण ठरलेलंच. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी एक चिठ्ठी करावी, किंवा मोबाईलवर संदेश पाठवून गाडीवाल्याचं "हो" घ्यावं. त्यात मोजक्या ओळी पुरतात: किलोमीटर कुठून सुरू, रोजचे किमान किती, उभ्या दिवसाचे किती, टोल संदेश बघून, भत्ता किती, इसार किती दिला, गाडी बंद पडली तर दुसरी कोण देणार, रात्री दहानंतर गाडी चालवायची नाही. ही शेवटची ओळ प्रवाशानं लिहायची आहे. ड्रायव्हर ती स्वतःहून कधी मागणार नाही, कारण मागितली तर भाडं दुसऱ्याला जाईल अशी त्याला भीती असते. मुक्कामाला त्याच्यासाठी पाठ टेकायला जागा, एक सतरंजी आणि पंखा, एवढं बघणंही आपलंच काम. भक्तनिवासात एक माणूस जास्त झाला तर फार पैसे वाढत नाहीत.

भावात घासाघीस करणारे काका माझ्या लेखी चूक नाहीत. दोन क्विंटल सोयाबीन ज्याच्या घामातून येतं, त्यानं पैशाला पैसा धरावाच. फक्त तो कुठं धरायचा याचा क्रम बदलावा. आधी गाडी लागते का ते बघावं, मग रोज किती फिरायचं ते ठरवावं, मग कुठली पाटी आणि केवढी गाडी, मग उभ्या दिवसाचा भाव, आणि शेवटी किलोमीटरचा दर. या क्रमानं गेलं तर हजार-दोन हजार सहज निघतात आणि त्यातूनच तिसऱ्या दिवसाचा बराचसा खर्च भागतो.

मग त्या मंगळवारी गाडी पहाटे चारऐवजी सहाला दारात येईल. आजी देवापुढं दिवा लावून, चहा घेऊन निघेल. आणि जो पोरगा चाक धरून बसलेला असेल, तो रात्रभर झोपलेला असेल.